मेसिए ९०: तारे जन्मायचे थांबले, पण नेमके कुठे?

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि या प्रकल्पाची मार्गदर्शक होते. विद्यार्थिनीचं आणि कॉलेजचं नाव मी देत नाही. मेसिए ९० ही दीर्घिका (गॅलेक्सी) मात्र खरी आहे, आणि तिच्याबद्दल खाली जे लिहिलं आहे ते कुणालाही उपलब्ध प्रतिमा आणि नोंदी उघडून तपासता येईल.

तारा घडायला थंड वायू लागतो, आणि थंड म्हणजे फारच थंड. ज्या ढगांत हायड्रोजनचे अणू जोडीनं रेणू होऊन राहतात, तिथलं तापमान उणे २६० सेल्सिअसच्या आसपास असतं. असा ढग स्वतःच्या वजनानं आत कोसळतो, तुकडे पडतात आणि तुकड्यांचे तारे होतात. आपल्या आकाशगंगेत आजही वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाचे नवे तारे तयार होतात. सगळ्या विश्वाचा हिशोब मांडला तर हे काम सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी ऐन भरात होतं. आज त्याचा वेग जेमतेम एक दशांश उरला आहे. काही दीर्घिकांत तर ते पूर्ण थांबलं आहे. का थांबलं, हा विद्यार्थिनीचा प्रश्न होता.

हाताशी एक सत्र, म्हणजे चार महिने होते. हजारो दीर्घिकांची आकडेवारी घ्यायची की एकच दीर्घिका घेऊन तिच्या खोलात शिरायचं, हे आधी ठरवायचं होतं. मी एकच घ्यायला सांगितलं. त्या निर्णयाबद्दल मला आजही समाधान वाटतं, कारण हजारो ठिपक्यांच्या आलेखात एकेका दीर्घिकेचं पोट कधी उघडून दिसत नाही.

मेसिए ९० तिनं स्वतः निवडली. सह्याद्रीतल्या एका गावी, चैत्रातल्या अंधाऱ्या रात्री, आमच्या आठ इंची दुर्बिणीतून तिनं ती पाहिली होती. उत्तरा फाल्गुनीच्या ताऱ्याकडून पूर्वेला सरकलं की कन्या राशीत दीर्घिकांची गर्दी लागते, तोच कन्या समूह. चार्ल्स मेसिएनं १७८१ च्या मार्च महिन्यात एकाच रात्री तिथल्या आठ फिकट डागांची नोंद केली. ही त्यांतलीच एक. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं आणि व्यास दीड लाख प्रकाशवर्षांच्या घरात, म्हणजे आकारानं ती आपल्या आकाशगंगेहून कमी नाही. तिला सर्पिल भुजा आहेत, पण त्या गुळगुळीत आहेत. इतर सर्पिल दीर्घिकांत भुजांवर निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले असतात, तसे तिच्या बाहेरच्या भुजांवर दिसत नाहीत. सिडनी व्हान डेन बर्ग यांनी १९७६ मध्ये अशा दीर्घिकांना ‘अॅनिमिक’ म्हटलं. रक्त कमी झालेली माणसं जशी फिकी दिसतात, तशा या दीर्घिका.

अडचण

पहिले पाच आठवडे रंगावर गेले. रीत जुनी आणि सोपी आहे. भारी वस्तुमानाचे निळे तारे काही कोटी वर्षांतच संपतात, त्यामुळे नवे तारे बनायचे थांबले की दीर्घिका हळूहळू पिवळट-तांबडी होते. स्लोन या आकाश सर्वेक्षणातल्या हिरव्या आणि लाल पट्ट्यांतल्या प्रतिमा घेऊन तिनं पूर्ण दीर्घिकेचा एक रंगांक, म्हणजे दोन पट्ट्यांतल्या तेजाचा फरक, काढला. तो तांबड्या बाजूला झुकलेला आला.

“मॅडम, ही तर थांबलेलीच आहे,” ती म्हणाली.

मी मान डोलावली. इथे मी थांबवायला हवं होतं.

मग केंद्राचा वर्णपट, म्हणजे रंगारंगांत विभागलेला प्रकाश, हाती आला. त्यात नायट्रोजनची रेषा हायड्रोजनच्या मानानं ठळक होती. अशा रेषांच्या गुणोत्तरांचा एक नकाशा बॉल्डविन, फिलिप्स आणि टेर्लेविच यांनी १९८१ मध्ये मांडला. त्यावर ताऱ्यांमुळे चमकणारा वायू एका बाजूला पडतो आणि कृष्णविवराभोवती तापणारा दुसऱ्या बाजूला. आमचा ठिपका मधल्या पट्ट्यात पडला. तिनं त्याचा अर्थ लावला तो कृष्णविवराच्या बाजूनं. केंद्रातलं महाकाय कृष्णविवर वायू तापवतं, उधळून लावतं, आणि दीर्घिका विझते. हे स्पष्टीकरण सध्या सगळीकडे वाचायला मिळतं, आणि मोठ्या लंबगोल दीर्घिकांच्या बाबतीत त्याला भक्कम आधारही आहे. पुढच्या आठवड्यात प्रकरण दोनचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर होता: ‘कृष्णविवरामुळे विझलेली सर्पिल दीर्घिका’.

मसुदा वाचताना मला खटकली ती समासातली एक नोंद. वर्णपट केंद्रातल्या जेमतेम चार आर्कसेकंदांचा होता (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). आकाशात मेसिए ९० ची लांबी साडेनऊ आर्कमिनिटं, म्हणजे ५७० आर्कसेकंद भरते. आम्ही दीड लाख प्रकाशवर्षांच्या वस्तीत हजारेक प्रकाशवर्षांच्या एका खिडकीतून डोकावलो होतो आणि अख्ख्या वस्तीचा निकाल लावत होतो. रंगाचा आकडा तर याच्या उलट दोषाचा होता: त्यात आतलं-बाहेरचं सगळं एकत्र घुसळलेलं.

मी तिला एवढंच विचारलं, “यातला कोणता भाग थांबलाय?”

तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

समोरचे पर्याय

मसुदा बाजूला ठेवून आम्ही शक्य ती कारणं फळ्यावर लिहिली. प्रत्येकासमोर लिहिलं की हे कारण खरं असेल तर तारे कुठून थांबायला लागतील आणि किती वेळात. हा फळा पहिल्याच आठवड्यात भरायला हवा होता.

कृष्णविवर. त्याचा मारा केंद्रातून सुरू होतो. त्यामुळे आधी केंद्र विझलेलं आणि कडा जिवंत, असं चित्र अपेक्षित होतं. यात पळवाट आहे: कृष्णविवर भोवतालचा उष्ण वायू थंडच होऊ देत नसेल तर नवा पुरवठा सगळीकडेच आटतो. म्हणून हे कारण लगेच खोडलं नाही.

शेजाऱ्याची ओढाताण. मेसिए ९० च्या उत्तरेला आयसी ३५८३ नावाची एक वेडीवाकडी छोटी दीर्घिका दिसते. दोघी एकमेकींना ओढत असतील, असं फोटो पाहून कुणालाही वाटेल. पण गुरुत्वाकर्षण वायूला ओढतं तसंच ताऱ्यांनाही ओढतं. त्यामुळे जुन्या ताऱ्यांच्या तबकडीतही मोडतोड दिसायला हवी.

उपासमार, म्हणजे बाहेरून नवा वायू मिळेनासा होणं. हे कारण तिच्या मनाजवळचं होतं. ती जुन्नर भागातली. खोडदच्या माळावरच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या लहानपणापासून पाहिलेल्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या मिळून हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर ऐकतात. त्या लहरीवर २०२० मध्ये आदित्य चौधुरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठं काम प्रसिद्ध केलं. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन एकेकटा पकडण्याइतका प्रखर नाही, म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले आणि सरासरी मोजली. निघालं असं, की त्या काळी ज्या वेगानं तारे बनत होते त्या वेगानं त्यांच्याकडचा अणुरूप (सुट्या अणूंचा) वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून येणारा वायू तेवढ्या प्रमाणात आला नाही आणि ताऱ्यांचा जन्मदर घसरला. विहिरीचे झरे आटले की उपसा आपोआप कमी होतो, तसं. ते काम तिनं इतकं मनापासून वाचलं होतं की मेसिए ९० लाही तेच कारण लागू व्हावं अशी तिची इच्छा मला दिसत होती. पण उपासमारीची खूण वेगळी असते. दीर्घिकेची सगळी तबकडी हळूहळू, अब्जावधी वर्षांत मंदावत जाते. कुठे तीक्ष्ण कड दिसत नाही.

वाऱ्याचा मारा. दीर्घिकांच्या समूहात दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तिथे काही कोटी अंश तापलेला वायू भरलेला असतो, पण इतका विरळ की एका लिटरमागे एखादा कण, कडेला त्याहूनही कमी. त्यातून दीर्घिका वेगानं घुसली की तिला समोरून वारा लागतो. या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट तर दाब चौपट. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी हे गणित १९७२ मध्ये मांडलं. हे समजावताना मी तिला खळ्यातली उफणणी आठवायला सांगितली. सूप उंच धरून धान्य सोडलं की भूस वाऱ्यानं लांब जातं आणि दाणे पायाशी पडतात. इथे तारे म्हणजे दाणे आणि वायू म्हणजे भूस. ताऱ्यांना वारा जाणवतही नाही. वायूला मात्र दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण घट्ट धरून असेल तिथेच टिकता येतं, आणि ही पकड मध्यभागी पक्की, कडेला सैल. म्हणून वारा कडेपासून आत सोलत येतो, आणि तो जिथवर पोचला तिथे सरळ कड उरते.

धूळ. तारे बनत असतील पण धुळीआड झाकले असतील, ही शंका शेवटी लिहिली. ती आधी तपासायला हवी.

काय केलं

उरलेल्या दहा आठवड्यांत नवं निरीक्षण घेणं शक्यच नव्हतं. सुदैवानं ही दीर्घिका जगानं खूप पाहिली आहे. गॅलेक्स उपग्रहाच्या अतिनील प्रतिमा, हायड्रोजन-अल्फा रेषेतल्या प्रतिमा, अवरक्त प्रतिमा, आणि अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीनं कन्या समूहातल्या ५३ दीर्घिकांच्या हायड्रोजनचे केलेले नकाशे, हे सगळं खुलं आहे.

निवडीमागे विचार होता तो घड्याळांचा. हायड्रोजन-अल्फाची तांबडी चमक अतितप्त ताऱ्यांभोवती दिसते, आणि ते तारे कोटभर वर्षंही जगत नाहीत. म्हणून ती चमक म्हणजे आजची खबर. अतिनील प्रकाश साधारण १० कोटी वर्षांपर्यंतच्या ताऱ्यांचा. जवळच्या अवरक्तात दिसतात ते मुख्यतः म्हातारे तारे. तीन घड्याळं शेजारी ठेवली की काम कधी बंद पडलं याचा अंदाज बांधता येतो.

तिनं दीर्घिकेवर एकात एक कडी आखून प्रत्येक कडीतला प्रकाश वेगळा मोजायला घेतला. पहिल्या फेरीत कड्या गोल आखल्या, आणि आलेखात सगळीकडे थोडं थोडं सगळंच दिसू लागलं. दोन दिवस ती पायथनच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसली. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती. मेसिए ९० आपल्याला तिरकी दिसते. कलत्या ताटावर गोल वाटी ठेवली तर वाटीच्या वरच्या-खालच्या टोकाखाली ताटाची कड येते आणि बाजूला ताटाचा मध्य. कड्या लंबगोल हव्या होत्या. त्या तशा आखल्यावर चित्र एकदम साफ झालं.

मग तिनं एक गोष्ट केली जी मी सुचवली नव्हती. चारही नकाशे एकाच मापात पारदर्शक प्लॅस्टिकवर छापले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवले. अवरक्तातली जुन्या ताऱ्यांची तबकडी मोठी, शांत, कुठेही न फाटलेली. तिच्यावर हायड्रोजन-अल्फाची पारदर्शिका ठेवली तर सगळी चमक आतल्या साधारण एक तृतीयांश भागात, आणि त्याबाहेर काही नाही. अणुरूप हायड्रोजनचा नकाशाही जवळपास त्याच ठिकाणी तुटलेला. आम्ही दोघी बराच वेळ त्या काचेसमोर उभ्या होतो. बाहेरच्या दोन तृतीयांश भागात भुजा आहेत, तारे आहेत, फक्त ज्यातून तारे बनतात ते नाही.

धुळीची शंका इथे मिटली. बाहेरच्या भागात ताऱ्यांचा जन्म धुळीआड चालला असता, तर ती धूळ दूरच्या अवरक्तात तापलेली दिसली असती, आणि हायड्रोजनचा नकाशा तर धुळीनं झाकला जातच नाही. शेजारणीची शंकाही मिटली: जुनी तबकडी अभंग आहे, आणि आयसी ३५८३ चं अंतर मोजलेलं आहे, ती कन्या समूहाच्या बरीच अलीकडे, आपल्या बाजूला आहे. आकाशात त्या शेजारी दिसतात एवढंच.

वाऱ्याच्या बाजूनं सगळ्यात जोरदार साक्ष वेगाची निघाली. कन्या समूह आपल्यापासून सेकंदाला सुमारे ११०० किलोमीटर वेगानं दूर जातो आहे. त्याच समूहातली मेसिए ९० मात्र दोनशे किलोमीटरहून अधिक वेगानं आपल्याकडे येते आहे. तिच्या वर्णरेषा निळ्या बाजूला सरकलेल्या आहेत. म्हणजे समूहातल्या वायूतून ती सेकंदाला बाराशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं धावते आहे. हा आकडा तिच्या वहीत पहिल्याच आठवड्यात ‘वैशिष्ट्यं’ या मथळ्याखाली लिहिलेला होता. विशेष म्हणून टिपला आणि पुढे गेलो. तो पुरावा आहे हे कारणांची यादी समोर येईपर्यंत कळलं नाही.

निष्पत्ती

अहवालाचं शीर्षक बदललं. बाहेरची तबकडी वाऱ्याच्या माऱ्यानं वायू गमावून थांबली, हा मुख्य निष्कर्ष. मेसिए ९० मध्ये तिच्या आकाराच्या सर्पिल दीर्घिकेत असायला हवा त्याच्या दशांशच अणुरूप वायू आहे, हे प्रकाशित मोजमाप त्याला जुळतं. कधी थांबली याबद्दल तिनं स्वतःचा आकडा दिला नाही. घड्याळांवरून ‘अलीकडे, काही कोटी वर्षांच्या मापात’ एवढंच म्हटलं, आणि प्रकाशित संगणकीय प्रतिकृती सुमारे १० ते ३० कोटी वर्षं म्हणतात हे शेजारी ठेवलं. उपासमारीला लागणाऱ्या अब्जावधी वर्षांपुढे हा काळ फारच थोडा आहे.

कृष्णविवराचं प्रकरण मात्र पूर्ण पुसलं नाही, आणि ते बरंच झालं. हवाईमधल्या सीएफएचटी दुर्बिणीनं घेतलेल्या खोल प्रतिमांवरचं २०१६ चं काम आम्ही शेवटच्या टप्प्यात वाचलं. त्यात मेसिए ९० मागे अडीच लाख प्रकाशवर्षांहून लांब अशा आयनित (इलेक्ट्रॉन सुटलेल्या) वायूच्या शेपट्या दिसतात. उफणलेलं भूस हवेत पसरलेलं दिसावं तशा. त्या शेपट्यांत नवे तारे बनताना दिसत नाहीत. त्याच प्रतिमांत केंद्रातून बाहेर फेकला जाणारा वायूही आहे. केंद्रातून काहीतरी वायू ढकलतं आहे, आणि ढकललेला वायू वाऱ्याच्या तडाख्यात सापडणं सोपं. म्हणजे दोन्ही कारणं एकत्र चालू शकतात. वाटा मोठा वाऱ्याचा. तिनं अहवालात हे तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “आतल्या भागाचं पुढे काय होणार?” तिनं उत्तर दिलं, “सर, आत रेणुरूप वायू अजून आहे. सर्पिल दीर्घिकांत असा वायू आजच्या वेगानं वापरला तर साधारण दोन अब्ज वर्षं पुरतो. बाहेरून भर पडायचा रस्ता बंद झालाय. तेवढ्यात दुसरं काही घडलं नाही, तर आत होतं त्यावरच भागवायचं.” परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पूर्ण दीर्घिकेचा एकच रंगांक काढून सुरुवात करणं चूक नव्हतं. त्यावर पाच आठवडे राहणं चूक होतं, आणि ती माझी. ती पहिल्यांदा “थांबलेलीच आहे” म्हणाली, तेव्हाच ‘कुठे’ हा शब्द माझ्या तोंडून यायला हवा होता. आता मी प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीतच कोरा फळा घेते, आणि प्रत्येक कारणासमोर ‘कुठून सुरू’ आणि ‘किती वेळात’ असे दोन रकाने भरून घेतल्याशिवाय प्रतिमा उतरवू देत नाही.

वर्णपट वापरताना तो आकाशाच्या केवढ्या तुकड्याचा आहे, हे प्रतिमेवर चौकोन काढून दाखवायचं, हीही आता सक्ती केली आहे. ५७० आर्कसेकंदांच्या चित्रावर चार आर्कसेकंदांचा चौकोन पेन्सिलीच्या टोकाएवढाही होत नाही. तो एकदा डोळ्यांनी पाहिला की विद्यार्थी आपणहून सावध होतात.

एका बाबतीत माझं मन अजून ठरलेलं नाही. तिला जीएमआरटीच्या कामाचं जे प्रेम होतं, त्यामुळे ती उपासमारीकडे झुकली. पण हायड्रोजनचा नकाशा उघडून बघायला हवा हेही तिला त्याच प्रेमामुळे सुचलं. वर्गातल्या इतर कुणी रेडिओ दुर्बिणीचा विचार केला नव्हता. अशा ओढीला किती मोकळीक द्यावी, हे मला दरवेळी त्या त्या विद्यार्थ्याकडे पाहूनच ठरवावं लागतं.

निकालानंतरच्या चैत्रात आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो. मेसिए ९० दुर्बिणीत लावली तेव्हा पहिल्या वेळेसारखंच दिसलं: अंडाकृती, जेमतेम जाणवणारा धुरकट डाग आणि मधोमध ताऱ्यासारखा टोकदार ठिपका. तिनं डोळा न काढता सांगितलं, “मॅडम, तो मधला ठिपका आहे ना, काम अजून तिथे चालू आहे.” मग ती बाजूला झाली आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या गावातल्या एका मुलीला पुढे घेतलं.